मशीनमध्ये सेव्ह हाय

पासवर्डचा चौकोन रिकामा होता.

हेमालीने वरच्या चौकोनात दिशाचं नाव टाकलं, खालच्यात क्लिक केलं आणि थांबली. तिथे आपोआप काळे ठिपके यायला हवे होते. आले नाहीत. तिने पान बंद करून परत उघडलं. परत तेच.

"काय झालं?" दिशाने विचारलं.

"काय नाय. थांब जरा."

बोईसर स्टेशनबाहेरच्या गल्लीत पुंजाराम शेठचं हे दुकान. बाहेर बोर्ड, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, अंगठा घ्यायचं यंत्र आणि भिंतीला लागून लांब बाकडं. डोंगराकडच्या पाड्यांवरची निम्मी माणसं त्या बाकड्यावर कधी ना कधी बसून गेलेली. जातीचा दाखला, रेशन, घरकुल, पेन्शन, शिष्यवृत्ती. सरकार आता पडद्यावरच भेटतं, आणि पडदा पुंजारामकडे. फॉर्म भरला की तो पावती द्यायचा, पासवर्ड द्यायचा नाही. कुणी मागितलाच तर हसायचा. "तुला काय करायचाय पासवर्ड? हरवून बसशील. आपल्या मशीनमध्ये सेव्ह आहे." लोकांना ते बरं वाटायचं, डोक्याचा ताप गेला. पुंजारामला जास्तच बरं वाटायचं. पासवर्ड याच्या मशीनमध्ये असलेला माणूस दुसऱ्या दुकानात जाऊन करणार काय?

दिशाचा पासवर्ड तिथलाच. जूनमध्ये नर्सिंगचा फॉर्म भरला तेव्हा खुर्चीत हेमाली नव्हती, तिच्या आधीचा अंकुश होता. आता यादीत दिशाचं नाव लागलं होतं. सरकारी कॉलेज, सोबत हॉस्टेल. साइटवर आत शिरून जागा मान्य असल्याचं एक बटण तेवढं दाबायचं बाकी होतं. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत, मग जागा पुढच्या मुलीला. पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे यादी लागल्याचं कळलं तेच काल. आज सकाळी पाड्यावरून निघून, चिखल तुडवत, दोन गाड्या बदलून माय-लेकी इथे पोहोचल्या तेव्हा दुपार झालेली.

बटण दाबलं गेलं नाही तर पुढे काय, तेही ठरलेलंच होतं. दिवाळी झाली की बापाबरोबर वीटभट्टीवर, जगायला. मजुरीसाठी गाव सोडण्याला पाड्यावर 'जगायला जाणं' म्हणतात. घरी राहून जगता येत नाही, हे त्या शब्दातच मान्य करून टाकलेलं. दिशाची थोरली बहीण अशीच जगायला गेली आणि भट्टीवरच बाळंत झाली. दिशाला नर्स व्हायचं होतं ते तेव्हापासून.

"ब्राउझर पासवर्ड धरतच नाय गं," हेमाली शेवटी म्हणाली. "मी इथं लागले तेव्हापासून हेच. जुने दाखवत नाय, नवे ठेवत नाय. सेव्ह करू का विचारतो, मी हो म्हणते, बंद करून उघडलं की कोरा. शेठला सांगून सांगून दमले. ते म्हणतात, फॉर्म भरले जातात ना, मग झालं."

तिने काय केलं नव्हतं? सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड सेव्ह करायचं बटण बंद करून चालू केलं होतं. अपडेट मारलं होतं. ब्राउझर काढून नवा टाकला होता. आता तिने दिशासमोर सेव्ह केलेल्या पासवर्डांची जागा उघडून दाखवली. अख्ख्या पाड्यांचे पासवर्ड जिथे असायला हवेत, तिथे एकही ओळ नव्हती.

"पासवर्ड विसरलात, त्यावर दाब ना," दिशा म्हणाली.

हेमालीने दाबलं. नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, असं आलं. पुढे फुल्या आणि शेवटचे दोन आकडे.

दिशाने ते दोन आकडे ओळखले. तो नंबर तिच्या बापाचा, चिंतूचा. भट्टीच्या हंगामात रिचार्ज मारला नाही, कंपनीने सिम बंद केलं. जूनमध्ये अंकुशने नंबर विचारला तेव्हा तिने पाठ असलेला हाच सांगितला; नोंदणीला ओटीपी लागला नव्हता. सिम परत चालू होईल असं तेव्हा घरात सगळ्यांनाच वाटत होतं.

"मेलवर पाठव मग."

"मेलही इथंच काढलेला. त्याचा पासवर्ड पण यातच." हेमालीने मॉनिटरकडे बोट केलं.

तिने स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला. रिंग गेली. माय-लेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हॅलो, कौन?"

"भैया, अभी आपके फोन पे एक ओटीपी आया होगा…"

"आया है. और तू माँगेगी, ये भी मालूम था. शरम नहीं आती? औरत होके फ्रॉड करती है?"

दिशाच्या आईने, कमळीने, फोन जवळजवळ हिसकावला. "दादा, तो नंबर आमचा हाय. माझ्या नवऱ्याचा. पैलेपासून आमचाच."

"अब मेरा है, मौसी. दुकान से लिया, आधार देके लिया."

"माझ्या पोरीची जागा जाईल दादा. फक्त आकडे सांग."

"और मेरा खाता खाली हुआ तो? तुम भर दोगी?"

फोन बंद. परत लावला तर लागेना. ब्लॉक केलं होतं.

तो माणूस काही वाईट नव्हता. बँकेने, पोलिसांनी, फोनच्या रिंगआधी बोलणाऱ्या बाईने त्याला रोज बजावलंय, कुणाला आकडे सांगू नका. त्याने ऐकलं. सिम दुसऱ्याला विकताना जुन्या मालकाचं काय काय त्याला लटकलंय, हे बघायचं काम कुणाचं होतं? ते काम कुणाचंच नाही. हेल्पलाइनवर तर बासरी वाजत होती. आपण रांगेत आहात. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

पुंजाराम आतल्या खोलीतून जेवून आला. हात पुसत म्हणाला, "काय झालं? साइट डाऊन असेल. उद्या या."

"उद्या जागा नाय राहणार, शेठ," दिशा म्हणाली.

"मग मी काय करू? मी बसवलंय का सरकार?"

"बबलूला लावते," हेमाली म्हणाली. बबलू म्हणजे गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं.

"वो तो होगा ही," बबलू काहीतरी चघळत बोलला. "शेठने बोला, पुराना लड़का मशीन को पासवर्ड मार के गया है, खोल के दो. मैंने पेनड्राइव लगाया, पासवर्ड उड़ा दिया. मशीन खुल गई. लेकिन ब्राउजर की तिजोरी की चाबी उसी पासवर्ड से जुड़ी रहती है. पासवर्ड उड़ाया तो चाबी गई. तिजोरी अंदर भरी पड़ी है, खुलती नहीं. नया माल भी इसी लिए नहीं लेती."

"मग आता?"

"वही पुराना पासवर्ड मशीन को वापस डालो, हूबहू. सब खुल जाएगा."

"तो कुणाला माहीत?"

"जिसने डाला उसको. और किसको?"

बाकड्यावर पाचसहा माणसं होती. त्यांनी पुंजारामकडे पाहिलं. पुंजाराम लॅमिनेशनच्या मशीनकडे बघत होता.

बघणारच. जुलैत एक दिवस अंगठ्याचं यंत्र दिसेना, तेव्हा याने याच बाकड्यासमोर अंकुशची कॉलर धरली होती. चोर म्हणाला होता. बाकडं भरलेलं, अंकुशच्या गावची, पामची, दोन ओळखीची माणसंही त्यात. अंकुशने खुर्चीत बसून काहीतरी टाइप केलं, मशीन बंद केलं आणि गेला. दोन दिवसांनी हेमाली कामाला लागली आणि तिने पहिल्याच दिवशी झाडताना लॅमिनेशनच्या मशीनमागे पडलेलं ते यंत्र काढून दिलं. पुंजाराम म्हणाला, "पुस आणि लाव." एवढंच.

"अंकुशला फोन लाव," पुंजाराम आता हेमालीला म्हणाला.

"तुमी लावा की."

"तू लाव म्हटलं ना."

फोन बंद होता. अंकुशच्या आईचा, इंदुबाईचा नंबर लागला. ती पामहून ओरडूनच बोलली. "कंपनीत हाय तो. एमआयडीसीत लागलाय. फोन गेटवर जमा करतात, सहाला सुटल्याशिवाय नाय भेटायचा." कंपनीचं नाव तिने तीनदा सांगितलं तेव्हा कळलं.

हेमालीने स्वतःचा फोन दिशाच्या हातात कोंबला. "जा. मी दुकानाच्या फोनवर हाय."

कमळी उठायला लागली. "तू इथंच बस," दिशा म्हणाली. "मशीनजवळ."

एमआयडीसीच्या शेअर रिक्षात तिच्या बाजूला बसलेला माणूस नाकाला रुमाल लावून झोपला होता. कंपन्या सुरू झाल्या तसा तो वास आत आला, सडक्या अंड्याचा आणि वर काहीतरी गोड. गटाराचं पाणी आज लालसर होतं. ती उतरली, गेटपाशी गेली, अंकुशचं नाव सांगितलं.

"ड्यूटी में कोई नहीं मिलता," गार्ड म्हणाला.

"जरुरी है."

"सबको जरुरी है."

दिशाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मैं बहन हूँ उसकी. आई गिर गई. खून बह रहा है."

गार्डने आत फोन केला.

अंकुश धावत आला. गळ्यात लोंबणारा मास्क, हातात तसेच रबरी हातमोजे, चेहरा पांढराफटक. गेटच्या सळ्यांतून त्याने तिला पाहिलं आणि ओळखलं नाही.

"आई कुठं हाय? कुठल्या दवाखान्यात?"

"आई बरी हाय तुझी. मी खोटं बोलले. मी दिशा, चिंतूची. जूनमध्ये माझा फॉर्म भरलास."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने सळईवर हात आपटला. "लाज नाय वाटत? येताना ड्रम तसाच सोडून आलोय. आईचं नाव घेऊन बोलवतेस?"

"नाय वाटत," दिशा म्हणाली. "पाचला माझी जागा जातेय. तुझा पासवर्ड पायजे, जाताना मशीनला मारलेला. त्याच्याशिवाय माझा निघत नाय. मग मला हाण पायजे तर."

तिने भराभर सगळं सांगितलं. अंकुश ऐकत राहिला. श्वास अजून बसला नव्हता.

"पासवर्ड हाय. विसरलेलो नाय," तो म्हणाला. "पण त्याच्या मशीनला नाय देणार."

"माझ्यासाठी दे."

"तुझ्यासाठी दिला तरी उघडणार त्याचंच दुकान. उद्यापासून परत लोकांना सांगेल, आपल्या मशीनमध्ये सेव्ह आहे." तो थुंकला. "आई आठ दिवस बाजारात नाय गेली. चोराची आई म्हणून. त्याला सांग, लोकांसमोर मला चोर बोललास, लोकांसमोर परत घे. मग देतो."

"आणि नाय घेतलं तर?"

त्याने तिच्या हातातल्या फोनकडे बोट केलं. तिने दुकानाचा नंबर लावला.

"हेमाली, स्पीकरवर टाक. शेठ, अंकुश म्हणतो, सगळ्यांसमोर बोला तो चोर नव्हता. मग पासवर्ड देतो."

"माझ्या दुकानात उभं राहून मी माफी मागू?" पुंजारामचा आवाज आला. "त्यानेच मशीनला कुलूप घातलं. गुन्हा त्याचा. पोलिसात देईन म्हणावं."

"दे," अंकुश फोनमध्ये म्हणाला. "दे पोलिसात."

"शेठ, तुमचे पाय धरते, एवढं बोला," दिशा म्हणाली. गेटच्या सळईला धरून उभी होती, रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांच्या आवाजात तिला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. "एकच वाक्य हाय हो."

"नाही म्हणजे नाही."

मग फोनमधून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. वायर खेचल्याचा. हेमालीचा आवाज, "मावशी, अहो काय करताय? मावशी, चालू मशीन हाय."

"डबा घेऊन चालले," कमळीचा आवाज. दुपारपासून ती दुकानात एवढं पहिल्यांदा बोलत होती. "माझ्या पोरीचा पासवर्ड यात हाय. तुमीच बोल्ला, मशीनमध्ये हाय. मग मशीन नेते. माझ्या पोरीचं हाय ते."

"ठेव. ए बाई, ठेव खाली. पोलीस बोलवीन."

"बोलवा. त्यांना पण दाखवू, कुणाकुणाचं काय काय तुमी यात कोंडून ठेवलंय."

"माझी पेन्शन पण त्यातच हाय," एका म्हातारीचा आवाज. "कमळे, एकटी नको उचलू, मी पण धरते."

"आमचं घरकुल," आणखी कुणीतरी.

कमळीने डबा डोक्यावर घेतला होता, हेमालीने नंतर सांगितलं. पदराची चुंबळ केली, लाकडाची मोळी घ्यावी तसा सीपीयू डोक्यावर, वायरी मागे लोंबतायत, आणि दारात उभी. पुंजाराम आडवा. दोघांपैकी कुणी हलेना. बाकड्यावरची म्हातारी बुधी उठून कमळीच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती.

फोनमध्ये बाकड्यावरून आणखी कुणी उठल्याचा आवाज आला.

"ठेव खाली," पुंजाराम म्हणाला. आवाज बदलला होता. "अंकुश, आहेस का?"

"हाय."

"यंत्र सापडलं. मशीनमागे पडलं होतं. तू घेतलं नव्हतंस."

"चोर बोललास ते?"

"नव्हतास तू चोर."

"मोठ्यानं."

"अंकुश चोर नव्हता," पुंजाराम म्हणाला, बाकड्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

अंकुशने डोळे मिटून घेतले. "कधी सापडलं?"

उत्तर हेमालीने दिलं. "तू गेलास त्याच्या दोन दिवसांनी. मीच काढलं."

"दोन दिवसांनी," अंकुश म्हणाला. परत एकदा म्हणाला. हातमोजा काढून त्याने तोंड पुसलं. वाटलं आता हा पाठ फिरवून आत निघून जाईल, आणि गेला असता तरी दिशा त्याला काही म्हणू शकली नसती.

"लिही हेमाली," तो म्हणाला. "इंग्रजीत. सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नाय सोडायची." तो थोडा वळला. "पुंजाराम चोर चारशे वीस."

स्पीकर चालूच होता. पलीकडे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग पुंजाराम म्हणाला, "टाक, बघतेस काय."

गार्ड आला. त्याला सगळं समजलं होतं. त्याने अंकुशच्या नावापुढे आज अर्धी हजेरी मांडली, आई न पडल्याबद्दल. अंकुशने बघितलं आणि खांदे उडवले. "जा, पळ," तो दिशाला म्हणाला. "माझं बघतो मी."

परत येताना रिक्षा कंटेनरच्या रांगेत अडकली. दिशा फोनवर ओरडत होती, "माझी वाट बघू नको, तूच दाब." पलीकडून हेमाली सांगत होती की वायर खेचल्यामुळे मशीन काहीतरी तपासत बसलंय, टक्के दाखवतंय, पुढे सरकत नाही. मग फोनची बॅटरी संपली. दिशाने काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड पाहिलं. रिक्षातून उडी मारली आणि पळत सुटली. चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल तिने हातात घेतली. वाटेत एका मेडिकलमध्ये घड्याळ दिसलं, तिने मान फिरवली. किती वाजले ते बघून पाय जोरात पळणार नव्हते.

ती दारात पोहोचली तेव्हा सगळं बाकडं मॉनिटरभोवती उभं होतं. पडद्यावर टक्के संपून मशीन चालू झालं. हेमालीने सेटिंगमध्ये जाऊन तो जुना पासवर्ड मशीनला परत दिला, एकेक अक्षर, आणि कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पासवर्ड जागेवर बसला. मग, बबलूने फोनवर सांगितलं तसं, तिने मशीन पुन्हा बंद करून चालू केलं. त्या दुसऱ्या चालू होण्यात दिशाचा जीव जायचा बाकी होता. कमळी मशीनवर हात ठेवून उभी होती, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

ब्राउझर उघडला. साइट उघडली. हेमालीने नाव टाकलं.

खालच्या चौकोनात काळे ठिपके आले.

हेमाली उठून बाजूला झाली, दिशाने खुर्चीत बसून माउस धरला. घाईत बाण बटणावर थांबेना. कमळीने तिच्या मनगटाला धरलं. दाबलं. गोल फिरत राहिला. फिरत राहिला. फिरत राहिला.

आपली जागा निश्चित करण्यात आली आहे.

"म्हणजे काय?" कमळीने विचारलं.

"झालं, आई."

कमळी खाली फरशीवरच बसली. बाकडं मागेच होतं, तिच्या लक्षात आलं नाही. खाली बसून ती पदराने तोंड पुसत राहिली. पडद्याच्या कोपऱ्यात पाच वाजायला चार मिनिटं कमी होती. आणि बाहेर कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी दुकानाच्या मशीनसमोर, अजून कुणाची तरी पोर बसलेली असणार. तिच्याकडे मशीन डोक्यावर घेणारी आई असेलच असं नाही.

"चला, झालं ना," पुंजाराम म्हणाला. "हेमाली, तो शिवीचा पासवर्ड आधी बदल."

"बदलते. यावेळी नीट बदलते, उडवायचा नाय," हेमाली म्हणाली. पण पुढे आली नाही, कारण दिशा अजून खुर्चीत होती.

"ऊठ आता," पुंजाराम म्हणाला.

दिशा उठली नाही. तिने साइटवर पासवर्ड बदलायची जागा शोधली. जुना ठिपक्यांतून उघडून वाचला. अंकुशने घाईत काहीही ठोकला होता, अक्षरं-आकड्यांची खिचडी, त्यालाही आठवला नसता. नवा तिने एका हाताने कीबोर्ड झाकून टाइप केला. हेमालीने स्वतःच मान दुसरीकडे केली.

वरच्या कोपऱ्यात ब्राउझरने छोटी खिडकी उघडली. नवा पासवर्ड सेव्ह करायचा? आज तो खरंच करू शकत होता. हेमालीचं बोट सवयीने 'सेव्ह'कडे गेलं. दिशाने माउस सोडला नाही. तिने 'कधीही नाही' दाबलं.

"विसरशील," पुंजाराम म्हणाला.

"विसरले तर मी विसरेन. तुमी नाय."

ती उठली तशी म्हातारी बुधी तिच्या जागी येऊन बसली. तिला खुर्चीत बसायची सवय नव्हती, पाय खाली पोहोचत नव्हते. तिने दिशाचा हात धरून ठेवला.

"पोरी, जाऊ नको," ती म्हणाली. "आता माझा काढ. आणि मला वाचून दाखव. याला नको, मला."